दिव्यांना आलेले काटे

आमच्या घरात लांबचं न दिसणारी दोन माणसं जन्माला आली. एक माझा थोरला भाऊ, आणि दुसरी मी. आई आणि बाबांची नजर अशी, की आपल्या बांधावर उभं राहून पलीकडच्या शिवारात कुणाची म्हैस शिरली ते सांगायचे. पोरांना चार हातांपलीकडचं धुरकट दिसत असेल, हे त्यांच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. आम्हालाही ते माहीत नव्हतं. सगळ्यांनाच असं दिसतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

आमचं गाव पळसदरीच्या अलीकडे, खोपोलीहून कर्जतला जाणाऱ्या रस्त्याला लागून. भाताची शेती, पाठीमागे डोंगर. दादा शाळेत माझ्यापुढे तीन वर्षं. फळ्यावरचं त्याला दिसायचं नाही, म्हणून तो शेजारच्याच्या पाटीत बघून उतरवून घ्यायचा. गुरुजींना वाटलं, पोरगा चोरतो. त्यांनी त्याला एकटा कोपऱ्यात बसवला. तिथून त्याला फळाही दिसेना आणि पाटीही. सातवीत नापास झाल्यावर बाबा म्हणाले, "डोकं नाय त्याला. ऱ्हाऊ दे." दादा शेतावर जाऊ लागला. गुरुजींना मी दोष देत नाही. चाळीस-पन्नास पोरं एका खोलीत, आणि डोळ्यांची तपासणी कुणी करत नव्हतं.

माझी वेळ आली तेव्हा शाळेत नवीन बाई आल्या होत्या. मी गणित चुकवलं, तेव्हा त्यांनी मला मारलं नाही. त्या म्हणाल्या, "पुढे ये. इथून दिसतं? नाही? आणखी पुढे ये." असं करत त्यांनी मला फळ्याला नाक लागेल इतकं जवळ नेलं, आणि मी ते गणित वाचून सोडवून दाखवलं. त्या संध्याकाळी बाई आमच्या ओटीवर आल्या.

बाबा ऐकून घाबरलेच. "पोरीच्या जातीला चष्मा? बाई, लगीन व्हईल का तिचं?"

"लग्नाचं नंतर बघू. आधी तिला फळा दिसू द्या."

बाईंनीच मला कर्जतला नेलं. तिथे आठवड्यातून एकदा डोळ्यांचे डॉक्टर येत. आज मी पदवीधर आहे, आमच्या घरातली पहिली. त्याचं श्रेय त्या बाईंना आणि माझ्या दादाला आहे. लिहायला बसले ते दादाबद्दल, पण बाईंना वगळून मला त्याचं काही सांगता येत नाही. कारण एकाच घरातल्या दोघांचे डोळे सारखेच होते, आणि बाई दादाच्या वर्गाला तीन वर्षं उशिरा आल्या.

चष्मा घेऊन मी घरी आले, तेव्हा दादा अंगणात इळ्याला धार लावत बसला होता. "बघू गं," म्हणून त्याने चष्मा माझ्या नाकावरून काढून स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. माझा नंबर त्याच्यापेक्षा जास्त, तरी त्याला बरंच दिसलं असणार. तो डोंगराकडे बघत उभा राहिला.

"अगो बाय," तो म्हणाला, "डोंगराव एवढी झाडं हायत?"

मग चष्मा न काढताच त्याने विचारलं, "फळ्यावरचं पन असंच दिसलं असतं का गं?"

 मी आपली हो म्हणाले.

वर्षभराने त्यालाही चष्मा मिळाला. गावातली पोरं त्याला 'ढापण्या' म्हणायची. टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांना बाजूने लावतात ते ढापण. दादा हसून म्हणायचा, "ढापन घोड्याला लावत्यात. गाढवाला नाय लावीत, म्हनून तुमी बिनढापनाचे." पण मनातून त्याला ते लागायचं. शाळा सुटलेल्या माणसाला चष्मा शोभत नाही, असं त्या काळी सर्वांनाच वाटायचं. चष्मा म्हणजे मास्तर, तलाठी, भटजी.

तो चौकला एका ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं चौक म्हणजे गॅरेज आणि धाबे. तिथे राहून तो गाडी शिकला, परवाना काढला, आणि चष्मा लावून मालकाचा ट्रक चालवू लागला. घाट, पाऊस, रात्र, सगळं केलं. माझं कॉलेज, त्यानंतरचा शिक्षकी पेशाचा अभ्यास, हे त्याच्या त्या ड्रायव्हरकीवर झालं. मी खालापूरला हायस्कुलात शिकवायला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी तो ट्रक घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत मला सोडायला आला. क्लीनरला म्हणाला, "उतर रं, बाईंना उतरू दे," आणि मला बाई म्हटल्याचं त्याचं त्यालाच हसू आलं.

दादाची स्वतःची इच्छा एकच होती. सरकारी लाल बसगाडीवर ड्रायव्हर व्हायचं. खाकी कपडे, महिन्याच्या महिन्याला पगार, म्हातारपणी पेन्शन. शिवाय मालकाच्या शिव्या नाहीत. पण भरतीत चष्मा चालत नव्हता. एकदा तो रांगेत उभा राहिला होता. डोळे तपासणाऱ्याने म्हटलं, "चष्मा काढ आणि वाच." दादाने सगळ्यात वरचं मोठं अक्षर वाचलं आणि तिथेच बाजूला झाला.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. चौकच्या गॅरेजमध्ये एक गाडी बंद पडून आली, आणि तिच्या मालकाने दादाच्या भिंगाकडे बघून सहज सांगितलं की मुंबईत आता ऑपरेशन करून चष्मा कायमचा घालवतात. दादाने त्या भल्या माणसाकडून दवाखान्याचा पत्ता मागून घेतला आणि माझ्याकडे आला.

"तू ये माज्यासंगं. काय लिवायचं-वाचायचं असंल तर."

डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. बुबुळाचा मधला भाग सोडून कडेकडेने बारीक पात्याने आठ चिरा द्यायच्या, गाडीच्या चाकाला आरे असतात तशा. बुबुळ थोडं चपटं होतं आणि लांबचं स्पष्ट दिसू लागतं. दादाचा नंबर साडेतीन होता. "ह्यांना छान होईल," ते म्हणाले. मी धीर करून विचारलं, मला होईल का. माझा नंबर सातच्या पुढे. लग्नाची दोन स्थळं चष्म्यावरून परत गेली होती, आणि बाबांचं ते बाईंनाही ऐकवून झालं होतं. डॉक्टरांनी मान हलवली. "एवढ्या नंबरला नाही होणार. तुम्ही ह्या वाटेला जाऊ नका." मी हिरमुसले.

दादाने इतक्या वर्षांचं साठवलेलं त्यात घातलं. आधी एक डोळा, काही आठवड्यांनी दुसरा. डोळ्यात थेंब टाकून, माणूस जागा असताना. "पातं येताना दिसतं गं," तो मला म्हणाला. "पन हलायचं नाय. घाटात बिरेक फेल झालेली गाडी बघितली हाय मी, हे काय."

दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटल्यावर डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "शून्य."

"शून्य मंजी कायच नाय ना?"

"काहीच नाही. नंबर गेला."

दादा उठून खिडकीशी गेला आणि समोरच्या रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचू लागला. "न्यू केशकर्तनालय. इथे गरम पानी मिळेल. येथे लघवी करू नये." मी तेवढ्यात डॉक्टरांना विचारलं, पुढे काही त्रास तर होणार नाही ना. ते म्हणाले, "हे आपल्याकडे नवीन आहे. काही दिवस दिव्याभोवती चमक दिसेल, ती कमी होत जाईल. दहा-वीस वर्षांनी काय, ते आम्हालाही अजून माहीत नाही. पण आजचा रिझल्ट उत्तम आहे." ते खोटं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी घरी येताना दादाला ते सांगितलं. त्याने ऐकलंही. पण तो गाडीच्या खिडकीतून डोंगर बघत होता.

आईने गावदेवीला नवस बोलला होता. पोराचा चष्मा गेला तर चांदीचे डोळे वाहीन. कर्जतच्या सोनाराकडून तिने पातळ पत्र्याचे दोन डोळे करून आणले, हळदीकुंकू लावून देवीला वाहिले, आणि गावाला गूळ-खोबरं वाटलं. सबंध गावात बातमी गेली की ढापण्याचा नंबर काढून टाकला. बायका येऊन त्याच्या डोळ्यांत वाकून बघायच्या. "कुठं कापलंय रं? कायच दिसत नाय." दादा डोळे मोठे करून दाखवायचा.

त्याच वर्षी भरती निघाली. दादाने तक्ता खालपर्यंत वाचला. खाकी कपडे मिळाले, बिल्ला मिळाला. लग्नही झालं. वहिनी खालापूरकडच्या एका शेतकरी घरातली, कमी बोलणारी, पण जे बोलायची ते नेमकं. लग्नानंतर काही महिन्यांनी एकदा ती माझ्याशेजारी तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "वन्सं, एक इचारू? ह्यांना सांजचा दिवा का नको असतो? चिमनी लावली की तोंड फिरवून बसत्यात."

मी म्हटलं, दिवसभर उन्हात गाडी चालवतो, डोळे थकत असतील.

नव्या ड्रायव्हरला मुक्कामी गाडी मिळते. संध्याकाळी डेपोतून सुटायचं, शेवटच्या गावी पोचायचं, रात्री तिथेच देवळात किंवा शाळेत झोपायचं, आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परत यायचं. जुने ड्रायव्हर ते टाळतात, म्हणून ते नव्याच्या गळ्यात. दादाच्याही गळ्यात पडलं.

मला समजलं ते थंडीच्या दिवसांत. शाळेत दहावीचे जादा तास चालू होते, म्हणून मी उशिराच्या गाडीने घरी येत असे. एके संध्याकाळी खालापूरला गाडी आली, तर स्टिअरिंगवर दादा. मी त्याच्या पाठीमागच्या बाकावर बसले. अंधार पडला होता. गाडी निघाली, आणि मी बघितलं की समोरून दिवे आले की दादा लगेच डीपर मारतो. डीपर म्हणजे समोरच्याला इशारा, की दिवे खाली कर, मला दिसत नाही. पण समोरच्याने दिवे आधीच खाली केलेले असायचे. तरी दादा मारायचा, पुन्हा मारायचा, आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन जवळजवळ उभीच करायचा. समोरची गाडी गेली की परत सुरू.

गाडीत एक मासेवाली होती, तळाशी थोडे बोंबील उरलेली पाटी घेऊन घरी निघालेली. ती ओरडली, "अरं ड्रायवरदादा, आख्खी रात हितंच काढतोस का? उरलेल्या बोंबलांचं सुकट व्हईल!"

"वरात हाय वरात," मागून कुणीतरी म्हणालं. "नवरदेव लाजतोय."

लोक हसले. दादाही हसला, पण मी बाजूने त्याचा चेहरा बघत होते. त्याच्या कपाळावर घाम होता, त्या थंडीत. इतक्यात एका ट्रकवाल्याला दादाचा डीपर झोंबला. त्याचे दिवे खालीच होते. त्याने रागाने वरचे दिवे लावले आणि तसेच ठेवून शेजारून गेला. दादाने दोन्ही डोळे मिटले. गाडी चालू होती. मी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती. मी त्याला खळ्यावर गाठलं. तो पहिल्यांदा उडवून लावत होता. मग पेंढ्यावर बसला आणि म्हणाला, "दिव्याला काटे येतात गं."

"म्हणजे?"

"साळिंदर बघितलंयस ना? अंगाव काटे उभे केल्यागत. एक दिवा आला की त्याला चारी बाजूनं काटे फुटतात, लांब लांब. दोन दिवे आले की दोघांचे काटे एकात एक. मदला रस्ता कुठं, कडेचा मानूस कुठं, कायच कळत नाय. दिवसाचं झकास दिसतं. सकाळी थोडं धुरकट असतं, मग दुपारपातुर एकदम साफ. रात झाली की हे."

"डॉक्टर म्हणाले होते कमी होईल."

"झालं नाय."

मी म्हटलं, आपण परत जाऊ त्यांच्याकडे. रात्रीची गाडी तरी बंद कर, डेपोत सांग. त्याने मान हलवली.

"सांगू काय? डोळे कापून आलोय म्हनून सांगू? उद्या बिल्ला काढून घेतील. आनि घरात काय सांगू? आयनं देवीला डोळे वाह्यलेत. नवस फेडून झाला. आता तिच्यासमोर उभं ऱ्हाऊन म्हनू, की तू दिलंस ते कमी पडतंय?"

आमच्याकडे ही गोष्ट साधी नाही. नवस फेडणं म्हणजे देवाशी हिशेब मिटवणं. त्यानंतर तक्रार केली तर देवाचा अपमान होतो, आणि जे मिळालं तेही जातं, असं मानतात. मी शिकलेली होते, हे मला पटत नव्हतं. पण आईला पटत होतं, आणि दादाला अर्धं पटत होतं. त्या अर्ध्यानेच तो बांधला गेला होता. उरलेलं अर्धं नोकरीने बांधलं होतं.

पुढे सुमारे दोन वर्षं त्याने ते लपवलं. कुणाची पहाटेची फेरी घे, कुणाच्या घरी कार्य असेल तर त्याची दुपारची घे, अशा अदलाबदल्या करायचा. चांदण्या रात्री त्याला बऱ्या जायच्या. डोंगराकडच्या रस्त्याला समोरून फारशा गाड्या येत नाहीत, तिथे तो निभावून न्यायचा. भीती होती ती मोठ्या रस्त्याची. जेव्हा जेव्हा त्याची गाडी रात्री मोठ्या रस्त्यावर असायची, तेव्हा वहिनी जेवायची नाही. ती मला कधी काही म्हणाली नाही, पण तिचं ताट झाकलेलं मी बघत असे.

ते झालं पौषात. मळण्या उरकल्या होत्या, आणि पेंढ्याने भरलेल्या बैलगाड्या रस्त्याने जात होत्या. चौक आणि खालापूरच्या मध्ये, दिवेलागण होऊन गेल्यावर, दादाची गाडी येत होती. समोरून ट्रकांची रांग. दादाने डीपर मारला, पहिल्या ट्रकने उत्तरादाखल वरचे दिवे लावले. काट्यांच्या त्या जाळ्यात पुढे चाललेली पेंढ्याची बैलगाडी त्याला दिसली नाही. वेग कमी होता म्हणून दादाच्या गाडीतल्या कुणाला फार लागलं नाही. एक बैल जागच्या जागी मेला. गाडीवान खाली फेकला गेला आणि त्याचं कंबरेचं हाड मोडलं. तो जगला, पण पुढे काठीशिवाय चालला नाही.

चौकशी झाली. बैलगाडीला मागे कंदील नव्हता. पेंढा रस्त्यावर बाहेर आलेला होता. ट्रकने वरचे दिवे लावले होते. ड्रायव्हरचे डोळे तपासले, त्याने तक्ता खालपर्यंत वाचला. दादाची काही चूक नाही, असं ठरलं. घरी सगळ्यांना हायसं वाटलं. बाबा म्हणाले, "देवीनं राखलं." आईने दिवा लावला.

 दोन दिवसांनी दादा त्या गाडीवानाला बघायला गेला, मला सोबत घेऊन. माणूस खाटेवर पडला होता. तोच दादाची समजूत घालू लागला. "माजीच चूक रं बाबा. कंदिलातलं तेल संपलं व्हतं. तुजा काय दोष?" त्याची बायको चहा घेऊन आली. दादाने कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला.

परत येताना रस्त्यात तो थांबला. म्हणाला, "कंदील असता तरी मला दिसला नसता, बाय. कंदिलाला पन काटेच आले असते."

दुसऱ्या दिवशी तो डेपोत गेला आणि त्याने स्वतःहून सांगितलं, मला रात्रीचं दिसत नाही. मला वाटलं होतं, आता नोकरी जाईल. झालं ते निराळंच. कुणाचा विश्वासच बसला नाही. त्याला पुन्हा तपासायला पाठवलं, दिवसाच्या लख्ख उजेडात तक्त्यासमोर उभं केलं, आणि दादाने पुन्हा खालची ओळ वाचली. खोटं वाचता आलं असतं त्याला. मी त्याला तसं म्हणालेही होते. तो म्हणाला, "दिसतंय ते नाय कसं म्हनू?" कागदावर आलं, डोळे ठीक.

त्याच्याबरोबरचे ड्रायव्हर हसू लागले.

"मुक्काम नको म्हनून सोंग काढलंय रं ह्यानं."

"रातांधळा झालास काय? गाजरं खा, गाजरं."

"बायकोबिगर झोप येत नाय, घरी झोपायला पायजे ना!"

डेपोतले साहेब वाईट नव्हते. त्यांनी दादाला खुर्ची दिली आणि म्हणाले, "हे बघ, दिवसा उत्तम आणि रात्री नाही, असं लिहायला माझ्याकडे रकाना नाही. तू घाबरलायस. अपघातानंतर होतं असं. महिनाभर सुट्टी घे." महिना झाला. सुट्टी संपल्यावर त्याला पुन्हा मुक्कामी गाडी लागली. त्या दिवशी त्याने बिल्ला साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि घरी आला.

बाबा त्याच्याशी कित्येक महिने बोलले नाहीत. सरकारी नोकरी, मिळालेली, कुणी काढूनही न घेतलेली, आपल्या हाताने सोडली, हे त्यांना मरेपर्यंत समजलं नाही. आई गावदेवीला जाऊन आली. तिथे तिने काय मागितलं ते तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

दादा पुन्हा चौकला गेला, त्याच गॅरेजमध्ये, आता स्पॅनर घेऊन. दिवसाचं काम, संध्याकाळ व्हायच्या आत घरी. काही वर्षं बरी गेली. मुलगी झाली. मग तो नट हातात धरून लांब नेऊ लागला. आटे दिसेनात. पस्तिशी नुकतीच ओलांडलेली होती. दुपारी लांबचं बरं, जवळचं नाही. सकाळी लांबचंही नाही. ज्या डोळ्यांना लहानपणी फक्त जवळचं दिसायचं, त्यांना आता जवळचंच दिसेना. मी त्याला पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

ते वयस्क होते. त्यांनी खोलीत अंधार केला, यंत्रातून बराच वेळ पाहिलं, आणि मग मला बोलावून म्हणाले, "बघा तुम्ही पण." मी माझा चष्मा काढून डोळा लावला. दादाचं बुबुळ मोठं होऊन समोर आलं. त्यावर बारीक पांढरट रेषा, मधला भाग सोडून, बाहेरच्या कडेपर्यंत गेलेल्या. आठ मोजल्या. इतक्या वर्षांत त्या मी पहिल्यांदा पाहत होते.

"ह्या पूर्ण भरत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "बुबुळ दिवसभरात थोडं थोडं बदलत राहतं, म्हणून सकाळचा नंबर वेगळा, संध्याकाळचा वेगळा. आणि ते हळूहळू चपटंच होत चाललंय, म्हणून आता उलटा नंबर लागला. चष्मा देतो. हे म्हणतात त्या काट्यांना मात्र चष्मा नाही." मग त्यांनी दादा काय काम करतो ते विचारलं. गॅरेज म्हटल्यावर ते थांबले. "ते सोडा. ह्या डोळ्याला जोराचा मार लागला तर तो ह्या रेषांवर फुटू शकतो. दुसऱ्या कुणाला नुसती सूज येईल, तुमचा डोळा जाईल."

दादा आपल्या बोटांकडे बघू लागला.

डॉक्टरांना वाटलं असावं, काहीतरी बरं बोलावं. ते माझ्या जाड भिंगाकडे बघून म्हणाले, "परदेशात आता पात्याऐवजी किरणांनी करून बघतायत. चिरा द्याव्या लागत नाहीत. आपल्याकडेही येईल. कदाचित तुमच्याएवढ्या नंबरलाही होईल."

दादाने मान वर केली. "ते किरनवाले, पुढं काय व्हतं ते सांगत्यात का?"

"अजून कुठे? आत्ता तर सुरू होतंय. त्याला वर्षं जावी लागतात."

"मंग ती वर्षं कुनाच्या डोळ्यांत जानार?" दादाने विचारलं. रागाने नाही, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

येताना आम्ही चौकला उतरलो, गॅरेजच्या मालकाला सांगायला. मालक जुना माणूस, दादाला क्लीनर असल्यापासून ओळखणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बाहेरच्या खुर्चीकडे बोट केलं. "मंग हितं बस. गिऱ्हाइकाशी बोलत जा."

"बोलायचा पगार कोन देतो, शेठ?" दादा हसून म्हणाला. मालकही हसला.  दादाने आपले पान्हे फडक्यात गुंडाळून मालकाला दिले, आणि दुसऱ्या पोराला एका गाडीचा आवाज कुठून येतोय तेवढं सांगितलं.

हे सगळं होईपर्यंत दिवस कलला. एरवी आम्ही त्याला घेऊन बाहेर पडलो तर उजेडात परतायचं बघतो, त्या दिवशी जमलं नाही. आम्ही नाक्यावर खोपोलीच्या गाडीची वाट बघत उभे राहिलो. धाब्यांतले दिवे लागले. मग रस्त्यावर एकेक गाडीचे लागू लागले. मुंबईकडून ट्रकांची रांग सुरू झाली.

दादाने रस्त्याकडे पाठ केली आणि एका बंद दुकानाच्या फळ्यांकडे तोंड करून उभा राहिला. नवा चष्मा खिशात होता. येणारे-जाणारे त्याच्याकडे बघत होते, हा माणूस भिंतीशी काय करतोय म्हणून. मी त्याच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून.

"गाडी आली की सांग, बाय."

"सांगते."

एक मोठी गाडी वळणावरून आली. तिचा उजेड आमच्या अंगावरून त्या फळ्यांवर गेला. दादाने मान खाली घातली.

"आली?"

"नाही," मी म्हटलं. "ट्रक आहे."